हळद, हिंगोली, हळद

वाळलेली हळद वाजते. ओल्या हळदीला आवाज नसतो. कढईत शिजवून, पंधरा-वीस दिवस उन्हात टाकून ती आतपर्यंत वाळली, की दोन हळकुंडं एकमेकांवर आपटल्यावर कट् असा कोरडा, लोखंडासारखा आवाज येतो. बाजारातले जुने व्यापारी रंग नंतर बघतात, आधी कान देतात.

आम्ही आता बाजाराच्या मागच्या गल्लीत राहतो. या दिवसांत सकाळी कुरुंद्याकडच्या गाड्या येऊन लागतात, पोती सुटतात, हळकुंडं फरशीवर ओतली जातात. त्या वेळी माझ्या हातातलं काम थांबतं. ओट्यावर चार मुलांना इंग्रजी शिकवत बसलेले बाबाही मधेच थांबतात. आम्ही एकमेकांकडे बघत नाही. आवाज संपला की मुलं पुढचा शब्द वाचतात आणि मी पुन्हा तांदूळ निवडायला लागते.

गेल्या साली याच मोसमात आम्ही स्टेशनाच्या क्वार्टरमध्ये होतो. बाबा हिंगोलीचे तारबाबू होते. गाडी इथं येऊन संपायची, पुढे रूळ नव्हते, त्यामुळे तारा थोड्या यायच्या. पण दिवसरात्र कोणीतरी तारेच्या यंत्राजवळ लागायचंच. ‘कट्, कट्-कट्’ हा आवाज मी पाळण्यात ऐकला असेल. पाच-सहा वर्षांची असताना बाबांनी मला तो खेळ म्हणून शिकवला. एक ठोका लहान, एक मोठा, आणि त्यांतून अक्षर. पुढे सिकंदराबादच्या इंग्रजी शाळेत, जिथं बोलायला तोंड उघडलं की मुली हसायच्या, मी डेस्कखाली बोटानं स्वतःशी बोलायची. तिथलं शिक्षण संपवून घरी आले, तर आत्या म्हणाली, “तिथं इंग्रजीत मुकी व्हतीस, इथं मराठीत मुकी. आठ वर्षं शिकून काय आणलंस गं पोरी, गप बसणं?”

उत्तर मी मांडीवर बोटानं दिलं.

तारेवरच्या लोकांत ‘हात’ या शब्दाला वेगळा अर्थ आहे. प्रत्येकाचा ठोका निराळा पडतो. कुणी मोठा ठोका जरा जास्त दाबून धरतो, कुणी दोन अक्षरांच्या मधे श्वास घेतो. पूर्ण्याला तारेच्या खटक्यावर, म्हणजे दाबून ठोका द्यायच्या दांडीवर, कोण बसलंय, हे बाबा दोन अक्षरांत सांगायचे. “हा जोशांचा हात नाही, आज त्यांचा पोरगा बसलाय.” आणि त्या लोकांत एक रोगही असतो. वीस-बावीस वर्षं तेच मनगट तेवढाच झटका देत राहिलं, की एक दिवस बोटं ऐकेनाशी होतात. खटक्यावर ठेवली की आत वळतात आणि तिथंच आवळून बसतात. याला ते लोक ‘हात गेला’ म्हणतात. हात गेलेल्या माणसाला तारेवर ठेवत नाहीत. तार गेली की क्वार्टर गेलं.

बाबांचा हात त्याआधीच्या पावसाळ्यापासून जायला लागला होता. आत्याला आणि मला, दोघींनाच माहीत होतं. दिवसातल्या आठ-दहा तारा ते डाव्या हातानं, सावकाश, कसंबसं भागवायचे. रोज सकाळी आत्या हळद कढवून त्यांच्या मनगटासाठी लेप करायची. तो मी लावायची. माझी बोटं त्या मोसमात कायम पिवळी होती.

आणि अशात हवालदार आले.

कंटिंजंट फौजेच्या वेळच्या जुन्या बराकी इतकी वर्षं रिकाम्या पडल्या होत्या. इंग्रजांच्या लढाईमुळे तिथं बारा शिपाई आणून ठेवले होते, बिनतारी संदेशाचं काम शिकायला. त्यांचे उस्ताद सत्तार हवालदार, हिंगोलीतल्याच कल्हईवाल्यांच्या घरातले. पण तोफेच्या धमाक्यानं त्यांचा एक कान गेला होता आणि दुसऱ्याचाही भरवसा नव्हता. आमच्या दारात उभे राहून ते म्हणाले, “बाबूसाब, तकलीफ देरा हूँ. लड़कों को रोज दोपहर में दो घंटे ठोका सुनना. मेरा कान काम का नै. आपका हाथ चाहिए.”

बाबा ‘नाही’ म्हणू शकत नव्हते. नाही म्हणायचं, तर कारण द्यावं लागलं असतं. ते म्हणाले, “जरूर.”

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

व्यवस्था हवालदारांनीच सुचवली, हे आमचं नशीब. मालाच्या शेडची भिंत आमच्या आतल्या खोलीला लागून होती. खटका दाबून धरला की सूर धरणारं त्यांचं यंत्र शेडमध्ये ठेवायचं, खटका आमच्या खोलीत, मधे झरोक्यातून वायर. हात दिसला की पोरं कान वापरत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. बाबा माझ्याजवळ पाटावर बसायचे, उजवा हात मांडीवर उलटा ठेवून. संदेश मी पाठवायची. पलीकडे बारा माणसं खाली मान घालून लिहायची. त्यांना वाटायचं, बाबू पाठवतोय.

दुपारी दोन ते चार. माझ्या आयुष्यात मी एवढं कधीच बोलले नव्हते.

पहिले काही दिवस शेडमधून नुसते शिव्यांचे आणि हसण्याचे आवाज यायचे. त्या बाराजणांत चौघांनाच इंग्रजी अक्षरं नीट येत होती. सगळ्यात मागे सोमला. तो सेनगावकडच्या तांड्यातला, विशीचा, उंच. त्याला मी झरोक्यातून पाठमोरा तेवढा पाहिला होता. त्याच्या पाटीवर काहीच नसायचं. हवालदारांनी एकदा त्याला उभं केलं. मी त्यांनी सांगितल्याप्रमाणे चार लहान ठोके दिले.

“बोल, ये क्या है?”

मग सोमलाचा आवाज, “वसमत.”

शेड हसून लोळलं. हवालदार ओरडले, “वसमत क्या रे गधे? तेरे को तिकट काढना है?”

“न्हाई साहेब. व, स, म, त. चार बी लहान. आमचा आज्जा बैलांवर मीठ वाहायचा. मुक्कामाची गावं म्हणत म्हणत चालायचा. मला ह्ये ठोके तसेच ऐकू येऊन राहिलेत.”

“अच्छा? और ये?” त्यांनी झरोक्यावर काठी आपटली. बाबांनी मला बोटानं खूण केली. मी इंग्रजी ‘सी’ पाठवला. मोठा, लहान, मोठा, लहान.

“सेनगाव.”

या वेळी कुणी हसलं नाही.

बाबा मात्र हसले, कित्येक महिन्यांनी. “लघु-गुरू!” ते कुजबुजले. “अगं, पोरगं लघु-गुरू म्हणून राहिलंय.” मला काही कळलं नाही. शाळेत मराठी कविता मी वाचलीच नव्हती. मग बाबांनी मला शिकवलं. अक्षर तोकडं असेल तर लघु, लांब असेल तर गुरू, आणि त्यांनी कवितेची चाल मोजायची. लघु म्हणजे लहान ठोका, गुरू म्हणजे मोठा; ते सगळं माझ्या बोटांत आधीपासून होतं, फक्त त्याला आपल्या भाषेत नाव आहे हे माहीत नव्हतं. त्या दिवशी बाबांनी सांगितलं आणि मी वहीत लिहीत गेले, वेड्यावाकड्या देवनागरीत. कुरुंदा म्हणजे डब्ल्यू. औंढा, एम. नांदेड, जी. परभणी, व्ही. भाकर, डी. तूर, एन. जवार, आर. वही संध्याकाळी हवालदारांकडे गेली आणि दुसऱ्या दिवसापासून शेडमध्ये शाळेऐवजी बाजार भरला. “कुरुंदा! भाकर! परत परभणी!” आत्या दाराआडून ऐकायची आणि म्हणायची, “शिपाई हायेत का भाजीवाले?”

ओ म्हणजे हिंगोली. तीन मोठे. आणि एस, तीन लहान, हळद.

हवालदारांनी त्यांना शेवटचा संदेश शिकवला तो दिवस आठवतो. चौकी घेरली गेली, दुसरं काही सांगायला वेळ उरला नाही, की हा पाठवायचा. एस, ओ, एस. सांगताना त्यांचा आवाज खाली गेला होता. पण पोरं तरणी. टाकीवर पाणी प्यायला जाताना ती ओरडत गेली, “हळद, हिंगोली, हळद!” बाजारातून परतणारा एक गाडीवान थांबून म्हणाला, “हळद तर संपली बाबांनो, उद्या या.”

आणखी एक गोष्ट त्यांना त्याच दिवशी सांगितली. नुसता आर एकटा पाठवला, तर त्याचा अर्थ ‘मिळालं’. तुमचं बोलणं इथवर आलं, मी ऐकलं.

पुढच्या पंधरवड्यात हळद शिजायला लागली. गावाच्या चारी बाजूंना कढया, वाळल्या पाल्याचा धूर, मातीचा आणि कापराचा मिळून येतो तसा वास. त्याच दिवसांत, एका दुपारी, मी खटका झाकून ठेवत असताना झरोक्याबाहेर पावलं थांबली. टाकी तिकडेच होती. हळू आवाजात कोणीतरी म्हणालं,

“ताई, तुमी हळद ओढून राहिल्या.”

सोमला. पावलं गेली.

ताई. त्यानं बाबूसाहेब म्हटलं नव्हतं. त्याला कळलं होतं. हात ओळखला होता. आता तो हवालदारांना सांगेल, हवालदार स्टेशनमास्तरांना सांगतील, वर कागद जाईल. मी बाबांना म्हटलं नाही. आत्याला म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन वाजता खटक्यावर हात ठेवला तेव्हा माझ्या मनात एवढंच होतं की बोलू नको, सोमला, बोलू नको.

तो बोलला नाही. रोज चार वाजता मी वाट बघायची, आणि रोज तो काही न बोलता पाणी पिऊन जायचा. मला वाटायचं, आपण वाचलो.

त्यानं काय सांगितलं, हे मी ऐकलंच नव्हतं. मी फक्त त्याला कळलंय एवढंच ऐकलं.

सांगितलं होतं ते असं. गावांची नावं घेऊन पाठवायला लागल्यापासून मी ठोके मोजणं सोडलं होतं. मी शब्द म्हणत होते. आणि आपल्याकडे हळद कुणी तुटक म्हणत नाही, मधलं अक्षर जरा लांबतं. हळऽद. माझं बोटही तसंच लांबवायला लागलं. लहान, मोठा, लहान. म्हणजे हळद राहिली नाही, तिची जवार झाली. आणि खरी जवार मी आणखी ओढत होते, त्यामुळे माझ्या एस आणि आरमध्ये फरक होता, पण तो माझ्यापुरता. अकरा माणसांचे कान मी त्या फरकावर घडवले. आठ वर्षं ज्या बोलीची मला लाज वाटली होती, ती माझ्या हातात आली आणि हात चुकला.

परीक्षेला कप्तान आला तो सकाळच्या गाडीनं. तरुण इंग्रज, उन्हानं नाक सोललेलं. खटका त्या दिवशी शेडमध्येच टेबलावर मांडला होता आणि संदेश तो स्वतःच पाठवणार होता, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. मी शेडमध्ये उघडणाऱ्या आमच्या दाराच्या फटीला डोळा लावून होते. त्याचा हात मला आवडला, कोरडा आणि नेमका, वाळल्या हळकुंडासारखा. पाच-पाच अक्षरांचे गट तो पाठवत गेला.

मग पाट्या बघत तो रांगेतून फिरला. दुसऱ्या पाटीशी थांबला. पाचव्या पाटीशी मागे वळला. अकरा पाट्यांवर जिथं जिथं आर हवा होता, तिथं एस होता. बाराव्या पाटीवर सगळं बरोबर होतं.

त्यानं हवालदारांमार्फत सोमलाला विचारलं, तुझंच कसं बरोबर?

सोमला ताठ उभा होता. त्यानं एकदा, अगदी ओझरतं, आमच्या दाराकडे पाहिलं.

“साहेब,” तो म्हणाला, “आमच्या मुलखात हळद ओढून म्हंतात. हळऽद. समद्यांच्या जिभेला तीच सवय. बाबूसाहेबांचा हात बराबर हाय. चूक आमच्या जिभेची.”

हवालदारांनी ते जमेल तसं सांगितलं. कप्तानानं मान हलवली. त्याचं इंग्रजी मला स्पष्ट ऐकू आलं. जिभेनं कोणी ऐकत नाही, असं तो म्हणाला. अकरा माणसं सारखीच चुकतात तेव्हा ती एका हातानं शिकवलेली असतात. तो हात मला ऐकायचाय. बाबू, जरा एक ओळ पाठवा.

बाबा उठले. सकाळचा लेप धुतला होता, पण मनगट पिवळंच होतं. ते टेबलाशी बसले. मला दिसत होती ती त्यांची पाठ, आणि कोटाला पडलेली घडी. पहिली चार अक्षरं आली. सुंदर, जुनी, सरळ. वीस वर्षांपूर्वीचा हात. पाचवं अक्षर टी होतं, एकच मोठा ठोका.

तो संपला नाही.

यंत्र वाजत राहिलं. एकच सूर, लांब, न तुटणारा. बाबांची बोटं खटक्यावर आवळली होती आणि सुटत नव्हती. त्यांनी डावा हात पुढे केला, पण त्यानंही ती सुटेनात. बारा माणसं बघत होती. हवालदारांनी आपला चांगला कान यंत्राकडे वळवला होता. तो सूर किती वेळ चालला असेल? दहा मोजावेत इतका. मला वाटलं, तो सगळ्या हिंगोलीत ऐकू जातोय.

दार मी कधी उघडलं, आठवत नाही. इतक्या पुरुषांसमोर मी कधी उभीही राहिले नव्हते. टेबलाशी गेले आणि बाबांची बोटं खटक्यावरून एकेक करून सोडवली. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं. ती गरम होती. शेवटचं बोट सुटलं आणि शेड एकदम शांत झालं.

कप्तानानं बाबांच्या मनगटाकडे पाहिलं, मग माझ्या बोटांकडे. दोन्ही पिवळी. त्यानं मला इंग्रजीत विचारलं, तूच का?

आठ वर्षं शिकलेलं सगळं इंग्रजी माझ्याजवळ होतं. पण मी बसले आणि एस पाठवला, जसा रोज पाठवत होते तसा. लहान, मोठा, लहान. आणि तेव्हा, बसल्या जागी, मला तो ऐकू आला. ओढलेला. ‘ताई, तुमी हळद ओढून राहिल्या.’ मी मान खाली घातली. मग तुटक पाठवला. ह, ळ, द. दहा वेळा हळद, दहा वेळा जवार. मागे हवालदार काठी आपटत होते, “हल्दी अलग! ज्वार अलग! सुन रे सुन!”

कप्तानानं परीक्षा पुन्हा घेतली. दोघं सोडून बाकी सगळे पास झाले. जाताना तो बाबांशी हस्तांदोलन करायला आला आणि मधेच थांबून त्यानं डावा हात पुढे केला. तो वर काही लिहून पाठवेल असं त्यानं म्हटलं नाही. पाठवलंही नसावं. पण संध्याकाळी बाबांनी मला दौत आणायला सांगितली. ते सांगत गेले, मी अर्ज लिहिला. हात गेला आहे, कृपया तारेवरून मोकळं करावं. आत्या चुलीपाशी पाठ करून बसली होती. “काहून लिहिता?” एवढंच म्हणाली. “कुणी मागितलं न्हाई.”

“माझी चूक झाकायला एक पोरगं खोटं बोललं, अक्का,” बाबा म्हणाले. “दुसरं कुणी बोलायला नको.”

उन्हाळ्यात आम्ही क्वार्टर सोडलं. ती माणसं त्याआधीच गेली होती. त्यांना निरोप द्यायला मी गेले नाही, झरोक्याजवळ उभी होते. सोमलाशी माझं एकदाही बोलणं झालं नाही. त्यानं मला एक वाक्य सांगितलं आणि मी ते पंधरा दिवस उशिरा ऐकलं.

श्रावणात एक कार्ड आलं. पलटणीतली पत्रं साहेब लोक वाचून मगच सोडतात, त्यामुळे त्यावर गावाचं नाव नव्हतं. अक्षर पाटीवरचंच, मोठं आणि जड. ‘बाबूसाहेबांना रामराम. आमी खुशाल. इथं पाऊस लय हाय. हळद हिंगोली हळद.’

आत्याला मी वाचून दाखवलं, तर तिचे डोळे भरले. “बघ, गावाची आठवण येऊन राहिली लेकराला.” ज्या साहेबानं ते वाचून सोडलं, त्यालाही तसंच वाटलं असेल.

बाबांनी कार्ड हातात घेतलं आणि बराच वेळ परत दिलं नाही.

ती आठवण होती की ती हाक होती, मला आजही माहीत नाही. टाकीवर जाताना ओरडायचे तसं ते गमतीनं लिहिलं असेल. किंवा तो सांगत असेल तेच, जे दुसरं काही सांगायला वेळ उरत नाही तेव्हा पाठवायचं असतं. पण या वेळी मी आधी स्वतःसाठी घाबरले नाही. आधी ऐकलं. तीन लहान, तीन मोठे, तीन लहान. त्यानं नीट लिहिलं होतं, कुठेही ओढलं नव्हतं.

कार्डाचं उत्तर त्याच दुपारी टाकलं. काय लिहायचं यावर बाबा आणि मी बोललो नाही. बाबांनी डाव्या हाताच्या बोटानं खाटेच्या लाकडावर ‘मिळालं’ म्हणायचं ते एकच अक्षर वाजवलं आणि मी ते लिहिलं. ‘इकडे सर्व खुशाल. जवार. जवार. जवार.’

त्यावर काही आलेलं नाही. लढाई चालू आहे. परवा बाजारात सेनगावकडच्या तांड्यातली माणसं हळद विकायला आली होती. परक्या माणसाशी कधी न बोलणाऱ्या मी त्यांच्याजवळ जाऊन विचारलं. सोमलाची काही खबर? त्यातल्या म्हाताऱ्यानं नकारार्थी मान हलवली, आणि मग, मी उभीच राहिले म्हणून असेल, माझ्या हातावर दोन हळकुंडं ठेवली.

ती खिडकीत आहेत. चांगली वाळली आहेत. पोती ओतल्याचा आवाज आला की मी ती उचलते आणि एकमेकांवर वाजवते. हळकुंडाला लांब ठोका देता येत नाही, म्हणून मधे थोडं थांबते. लहान, मोठा, लहान. ओट्यावर बाबा मुलांना थांबवतात, आणि तो संपेपर्यंत ऐकतात.